शिफ्टिंगचा मुहूर्त नदीला विचारा!

घर बदलायचं ठरलं की दोन फोन हमखास होतात. एक आईचा, ओळखीच्या गुरुजींना : 'जरा चांगला दिवस बघा.' दुसरा आपला, ऑफिसात : 'सर, त्या शनिवारी सुट्टी मिळेल का?' गुरुजी पंचांग बघतात, सर प्रोजेक्टची डेट बघतात आणि दोघांच्या कात्रीत सापडलेला एखादा रविवार आपण फायनल करून टाकतो. पुण्या-मुंबईत एवढ्यावर भागतं. कोल्हापुरात मात्र तिसऱ्या पार्टीलाही विचारावं लागतं आणि ती पार्टी शिवाजी पुलाखालून वाहते.

हसू नका मंडळी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. त्यातून सावरतोय तोवर २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता काही दिवस चक्क बंद पडला. २०२४ च्या जुलैतही नदीनं धोक्याची पातळी ओलांडलीच. आता डोळ्यांसमोर आणा : तुमचा फ्रिज, गाद्या आणि हप्त्यावर घेतलेला बेचाळीस इंची टीव्ही टेम्पोत, टेम्पो किणी टोलनाक्याच्या रांगेत आणि तुम्ही नव्या फ्लॅटमध्ये एका चटईवर बसून मोबाईलची बॅटरी वाचवताय. पिक्चरमध्ये बघायला बरं वाटतं.

गंमत अशी की आपलं सगळं शिफ्टिंग नेमकं याच दिवसांत येऊन बसतं. शाळा जूनमध्ये सुरू होतात. सरकारी नोकरीतल्या बदल्या एप्रिल-मेमध्ये निघतात. कंपनीतलं अप्रेझल मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पगारवाढ हातात पडून 'आता जरा मोठं घर बघूया' हा डायलॉग मेमध्ये. मग घर बघण्यात तीन आठवडे, मालकाशी घासाघीस करण्यात एक आठवडा आणि सामान हलतं तेव्हा बाहेर धो धो. 'पाऊस सात जूनला येतो' या शाळेतल्या ज्ञानावरही फार विसंबू नका. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता. माझं विचाराल तर कोल्हापुरातल्या शिफ्टिंगची डेडलाइन २० मे. त्याच्या पलीकडे जायचंच असेल तर सरळ दिवाळीनंतरचं बघा. मधल्या काळात गणपती आहेत, विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडकडे टेम्पो नेण्याचा विचारही करू नका. नंतर नवरात्र, तेव्हा अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद. शिवाय पितृपक्ष आहे. तुमचा विश्वास नसेल, पण तुमच्या सासूबाईंचा असू शकतो.

आगाऊ तयारी म्हणजे काय असते ते बघायचं असेल तर कुठल्याही पॅकर्स-मूव्हर्सच्या ऑफिसात जायची गरज नाही. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागा. तिथं आंबेवाडी लागते, आत प्रयाग चिखली. नद्यांचा संगम आहे तिथं, म्हणून गावाला प्रयाग. आणि संगम आहे म्हणूनच पूर आला की सगळ्यात आधी फटका. १९८९ च्या महापुरानंतर या दोन गावांच्या पुनर्वसनासाठी उंचावर सोनतळीला जागा देण्यात आली. पण शेती नदीकाठी, गोठे गावात, देऊळ गावात. त्यामुळे गाव काही पुरतं हललं नाही. २०१९ ला पाणी रात्रीत चढलं तेव्हा इथली माणसं बोटींतून काढावी लागली होती.

त्यानंतर इथलं गणित बदललं. हल्ली पाणी वाढायला लागलं, प्रशासनाकडून सूचना आली, की ४३ फुटांची वाट न बघता घरं सोनतळीकडे हलायला लागतात. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना तर घाई करावीच लागते, कारण म्हैस बोटीत बसत नाही. म्हातारी माणसं, लहान पोरं, मग धान्य, कागदपत्रं, कपडे. टीव्ही माळ्यावर. रस्ता चालू आहे तोवर ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्या होतात, पाण्याखाली गेला की एकही नाही, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जे स्वतःच्या पायानं चालू शकत नाही ते आधी, जे पुन्हा विकत मिळू शकतं ते शेवटी. आपण नेमकं उलटं करतो राव! आधी शोकेसमधल्या काचेच्या बरण्या पेपरात गुंडाळत बसतो आणि आजीच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या खोक्यात गेल्या ते रात्री अकरा वाजता शोधतो.

बरं, नवं घर बघताना काय विचारता? भाडं, डिपॉझिट, लिफ्ट, पार्किंग, 'वेस्टर्न आहे का?' ठीक. कोल्हापुरात त्यात एका प्रश्नाची भर घाला : '२०१९ ला आणि २०२१ ला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं?' आणि हा प्रश्न एजंटला विचारू नका, त्याच्या मते पाणी नेहमी शेजारच्या गल्लीपर्यंतच आलेलं असतं. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा. ते हात छातीपर्यंत नेऊन दाखवतील किंवा 'न्हाई बा, हितं न्हाई आलं' म्हणतील, दोन्ही उत्तरं खरी. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग या पट्ट्यात घर बघत असाल तर विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका. याचा अर्थ तिथं राहू नये असा अजिबात नाही. मध्यवर्ती भाग आहे, स्टॅण्ड जवळ, बाजार जवळ. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर तुमच्या सोफ्याला पाणी लागणार नाही. पण पार्किंगमधल्या तुमच्या बाईकचं काय, मीटर कुठं बसवलेत, पाण्याची मोटर कुठं आहे, याची उत्तरं घेऊन ठेवा. तळमजल्यावरची मोटर बुडाली की तिसऱ्या मजल्यावरचा नळही कोरडाच. त्या दोन्ही पुरांत पाणी उपसणारी केंद्रंच पाण्यात गेली होती. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला टँकर, असा सीन शहरानं बघितलाय. म्हणून बिल्डिंगला बोअर आहे का, हेही विचारा.

घर विकतच घेत असाल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. अर्थात नदीनं कॅलेंडर वाचलेलं नसतं. २०१९ आणि २०२१ मध्ये किती अंतर होतं, ते तुम्हीच मोजा.

आता कागदपत्रांचा बोअर विषय, पण यातच पैसे अडकतात. आपल्याकडे एक गैरसमज पक्का रुजलाय, की अकरा महिन्यांचा करार आहे म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही, शंभर-दोनशेच्या स्टँपवर सह्या केल्या की झालं. महाराष्ट्रात तसं नाही बरं का. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत काही का असेना. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, तो खोटं बोलतोय हे मालकानं सिद्ध करायचं. मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. एवढं सांगितलं की 'आमच्याकडं असलं काय लागत नाही' म्हणणारे मालक जरा ऐकून घेतात. नोंदणी ऑनलाइन होते, दोन्ही पार्ट्यांचे अंगठे घेतले की काम फत्ते. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, स्टँप ड्युटी मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं व्याजही धरतात. हा खर्च कोण करणार ते आधीच बोलून घ्या. आणि जुनं घर सोडताना एक महिन्याची नोटीस द्यायची असेल तर ती लेखी द्या, निदान मेसेजवर तरी. जिन्यात उभं राहून 'काका, पुढच्या महिन्यात जाऊ म्हणतोय' हे डिपॉझिट परत घेताना पुरावा म्हणून चालत नाही. निघताना लाइटच्या मीटरचा फोटो काढा, घरातल्या प्रत्येक भिंतीचा काढा, त्यात काका दिसले तर सोन्याहून पिवळं! घरफाळा आणि पाणीपट्टी कोणी भरायची, हेही करारात लिहून घेतलेलं बरं.

टेम्पोचं बघू. गावातल्या गावात एक बेडरूमचं घर हलवायला छोटा हत्ती दोन फेऱ्यांत काम उरकतो. पण आधी गल्ली मोजा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचे जिने बघितलेत ना? त्यातून लोखंडी कपाट वर गेलं कसं, हे एक कोडं आणि खाली कसं आणायचं हे दुसरं. पुष्कळदा उत्तर असतं गॅलरी आणि दोरखंड. त्याला चार माणसं लागतात, ती टेम्पोच्या भाड्यात धरलेली नसतात, म्हणून हमाली वेगळी ठरवा, आणि ती सामान बघून ठरवा, फोनवर नको. मोठी गाडी असेल तर शहरात कुठल्या वेळेत येऊ देतात ते वाहतूक शाखेकडे विचारून घ्या.

पुण्याला, बेंगळुरूला निघालेल्यांची गोष्ट वेगळी. इथं पॅकर्सवाले येतात आणि त्यांच्यातच नामांकित कंपनीसारखं नाव लावणारेही येतात. एकानं माझ्या मित्राला असा गंडवला : फोनवर एक रेट, सामान गाडीत चढल्यावर दुसरा. माल त्याच्या ताब्यात, मग बोलणार काय? तेव्हा घरी येऊन सामान बघून लेखी कोटेशन देईल त्यालाच काम द्या, ॲडव्हान्स कमीत कमी, आणि सामानाची यादी दोघांच्या सहीनिशी. मालाची पावती घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. काही फुटलं, हरवलं, तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर कोर्टात उभंच राहता येत नाही. 'दोन दिवसांत बघतो साहेब' हे ऐकत सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

गॅस सिलिंडर टेम्पोत टाकून नेऊ नका. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, अनामत परत घ्यायची आणि ट्रान्सफरचा कागद जपून ठेवायचा, त्यावर तिकडं कनेक्शन मिळतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला आता फॉर्म ८ आहे. गाडीचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आरसी बुकावर पत्ता बदलून भागतं, नंबर तोच राहतो. पुण्यात एमएच-१२ च्या गर्दीत आपला एमएच-०९ दिसला की सिग्नलला अनोळखी माणूस पण हात करतो, ते सुख शाबूत. कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर मात्र इथून एनओसी घेऊन तिकडचा नंबर घ्यावा लागतो. कितीजणांनी डोळ्यात पाणी आणून ती प्लेट बदललीय म्हणून सांगू!

आणि स्वयंपाकघर. मे महिना म्हणजे आपल्याकडे चटणीचा सीझन. वर्षाची मिरची वाळतेय, डंकावर नंबर लागलेत, गच्चीवर कुरडया-पापड. ऐन त्यात शिफ्टिंग काढलंत तर आई बोलणार नाही, पण भांडी जोरात आपटेल. म्हणून चटणी आधी करून घ्या किंवा सरळ नव्या घरी पोचल्यावर. झालेली चटणी न्यायची तर काचेच्या बरणीतून नको. स्टीलचा डबा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून सुती कापड घट्ट बांधायचं आणि डबा उभा राहील अशा बादलीत. कांदा-लसूण चटणीचं तेल एकदा गादीला लागलं की ती गादी जन्मभर कोल्हापुरीच. जाण्याआधी महिनाभर किराणा भरणं बंद, आहे ते संपवायचं. दहा किलो तांदूळ इथून पुण्याला नेण्यात काही पॉइंट नाही. (आजऱ्याचा घनसाळ असेल तर आहे.)

विम्याबद्दल दोन ओळी, कारण त्याचं नाव कोणी काढत नाही. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावी लागते, त्यात पूर धरलेला असतो. भाडेकरू असाल तर नुसत्या सामानाचीही काढता येते. फक्त पत्ता बदललात की पॉलिसीवरचाही बदला, नाहीतर विमा जुन्या घराचा आणि पाणी नव्या घरात.

हे सगळं आपलं झालं, पंचविशी-तिशीतल्यांचं. आपण काय, दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊनही निघतो. खरं अवघड शिफ्टिंग आई-वडिलांचं असतं. माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे, घर शाहूपुरीत, तळमजला. दोन्ही पुरांत घरात पाणी. २०२१ नंतर तो आण्णांच्या मागे लागला, उंचावर आर. के. नगरकडे फ्लॅट घेऊ. आण्णांचं उत्तर ठरलेलं : 'आलं पाणी, गेलं पाणी. घर कुठं पळून जातंय?' दर जुलैत मात्र हा पुण्यात मोबाईलवर नदीची पातळी बघत बसायचा. ३६ फूट, ३७ फूट, मीटिंगमध्ये लक्ष नाही. बॉसला काय सांगणार, नदी वाढतेय?

तीन वर्षं वाद घालून झाल्यावर त्यानं वाद घालणंच बंद केलं आणि जानेवारीत आण्णांना एक वही दिली. म्हणाला, 'आण्णा, जायचं की नाही ते राहू दे. गेलोच तर काय काय न्यायचं, तेवढं तुम्ही लिहून ठेवा. तुमच्याशिवाय कुणाला म्हाईत हाय?' आण्णा बँकेतून रिटायर झालेले. वही मिळाल्यावर माणूस रंगात आला. पानाला समास, अनुक्रमांक, शेरा. पहिली नोंद देव्हारा. दुसरी आईचं शिलाई मशिन, शेऱ्यात 'बेल्ट बदलणे'. सतरा नंबरला 'मुलाची प्रगतिपुस्तकं, इयत्ता १ ते १०', त्यातली सातवीपासूनची २०१९ च्या पाण्यात लगदा झाली होती, तरी ती वाळवून ठेवलेली. मार्चपर्यंत यादी एकशे बाराला गेली आणि आण्णांनी स्वतःच पुढच्या पानावर दुसरी यादी काढली, 'देऊन टाकणे'. त्यात त्यांची जुनी सायकल होती. मित्र म्हणतो, ते वाचलं तेव्हा कळलं की आण्णा आता यायला तयार आहेत. आईला त्यानं काही विचारलंच नव्हतं. विचारल्यावर ती म्हणाली, 'मी २०१९ लाच तयार होते. मला कुणी वही दिली न्हाई.'

तारीख ठरलीय १७ मे. गुरुजींनी दिवस चांगला सांगितलाय, टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स गेलाय, दूध उतू घालवायचं पातेलंही आईनं वेगळं काढलंय. अडलंय ते नोंद क्रमांक ९ वर : सोप्यातला सागवानी झोपाळा. पाट सव्वासहा फुटांचा, लिफ्ट पाच फुटांची, जिन्याचं वळण अरुंद. पाट कापायचं नाव काढलं की आण्णा वही मिटतात. गॅलरीतून चढवायचा म्हटलं तर पाचवा मजला. परवा सुतार येऊन माप घेऊन गेलाय. पाट मधोमध बिजागरीवर करता येईल, असं म्हणतो. आण्णा त्याला विचारत होते, बिजागरी पितळेची मिळेल का.